पार्किंगची सक्ती आणि लहान सदनिका

प्रश्न : फोंडा शहरात आम्ही एका खोलीची लहान सदनिका शोधत आहोत. घरात एक स्कूटर आहे, कार घेण्याचा विचारही नाही. मात्र दोन-तीन बिल्डरांनी सांगितले की पार्किंगच्या नियमामुळे लहान सदनिका बांधणे परवडत नाही. एकाने तर स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या मजल्यातील, जागेचे वेगळे पैसे मागितले. हा नियम नेमका काय आहे, आणि तो काढला तर घरे स्वस्त होतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : गोव्यात बांधकामाला 2010 ची भूविकास व इमारत बांधकाम नियमावली लागू आहे. इमारतीच्या वापरानुसार किमान किती वाहनांची सोय भूखंडावरच केली पाहिजे, हे तीत ठरवून दिले आहे. स्टिल्टचा मजला पार्किंगसाठीच ठेवला तर तो एफएआरमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल याच्या मर्यादेत, धरला जात नाही, म्हणून बिल्डरला बांधता येणारे क्षेत्र त्यामुळे कमी होते असे म्हणता येत नाही. अडचण निराळीच आहे.

नियोजनाच्या प्रचलित मापानुसार इमारतीखाली एक कार उभी करायला, ये-जा करण्याची वाट धरून, सुमारे 28 चौरस मीटर जागा लागते. तळघरात ती 32 पर्यंत जाते. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) दुर्बल घटकांसाठी धरलेले घर 30 चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे होते, म्हणजे एका कुटुंबाला जेवढी जागा पुरेशी मानली, जवळजवळ तेवढीच एका गाडीला राखून ठेवावी लागते. जिथे पार्किंग सदनिकांच्या संख्येवर मोजले जाते, तिथे एकाच भूखंडावर बारा लहान सदनिका काढायच्या तर बारा गाड्यांची जागा दाखवावी लागते, आणि सहा मोठ्या काढल्या तर सहांची. खांबांच्या मध्ये गाड्या मावतील तेवढ्याच सदनिका निघतात, हे नकाशा काढणारा कोणताही आर्किटेक्ट आपल्याला सांगेल. मग बिल्डर मोठ्या सदनिकांकडे, आणि गोव्यात तर बाहेरच्यांच्या सुट्टीच्या घरांकडे वळतो.

यात अन्याय आहे, असे मला स्पष्ट वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातील सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे कार असल्याचे आढळले. हे प्रमाण देशात सर्वांत जास्त; तरीही निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे कार नाही, आणि लहान घर शोधणारे बहुतेक त्यांच्यातलेच. न वापरलेल्या जागेचा बांधकामखर्च मात्र तेही किमतीतून भरतात.

इतर शहरांनी ही सक्ती सोडून पाहिली आहे. लंडनने 2004 मध्ये किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली, मेक्सिको सिटीने 2017 मध्ये तेच केले. कॅलिफोर्नियात 2023 पासून मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक बांधकामांना अशी सक्ती करता येत नाही. पण या अर्ध्या मैलाच्या अटीतच आपल्यासाठी खरा धडा आहे. रात्री उशिरा कदंब या राज्य परिवहन महामंडळाची बस मिळत नाही अशा वाड्यावर सक्ती सरसकट काढली, तर गाड्या कमी होणार नाहीत, त्या अरुंद रस्त्याच्या कडेला लागतील आणि रुग्णवाहिकेला वाट उरणार नाही. शिवाय जमिनीचा भाव चढाच असताना वाचलेला पैसा ग्राहकाच्या पदरात पडेलच, याची खात्री देता येत नाही. त्यामुळे सक्ती प्रथम बसस्थानकाजवळच्या भागांत आणि ठरावीक क्षेत्रफळाखालील सदनिकांपुरती शिथिल करावी, दुचाकींची सोय मात्र सक्तीची ठेवावी, आणि सवलत घेणाऱ्या प्रकल्पाला लहान सदनिका बांधण्याचे बंधन घालावे, असे माझे मत आहे. स्टिल्ट बंद करून तिथे दुकान वा गोदाम थाटण्याचे प्रकार पालिका व पंचायती थांबवणार नसतील, तर आहे तो नियमही कागदावरच राहतो.

आता वेगळ्या पैशांविषयी. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या 2016 च्या रेरा कायद्यात उघडी पार्किंगची जागा सामायिक क्षेत्रात मोडते. छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेले गॅरेज तेवढे त्यातून वेगळे धरले आहे. महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्टिल्टमधील जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला होता. तो कायदा गोव्याचा नसला, तरी त्यातील तर्क आपल्या वकिलाला उपयोगी पडेल. नुसत्या खांबांमधल्या जागेचे पैसे मागितले गेले, तर ती कोणत्या आधारावर विकली जात आहे हे लेखी मागा, मंजूर नकाशात ती कशी दाखवली आहे ते पाहा, आणि करारात जागेचा क्रमांक व माप येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.