म्हशीचा घटसर्प, माणसाचा घटसर्प

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय: 'शेजारची म्हैस घटसर्पाने गेली. शब्दकोशात घटसर्प म्हणजे डिप्थीरिया दिलंय. मग म्हशीचा घटसर्प पोराबाळांना लागतो का?'

नाही. दोन्हींचं सोयरसुतक नावापुरतंच. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यात टोचतात त्या 'घटसर्प-फऱ्याच्या लसी'तला घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा. सणसणून ताप, गळ्याखाली सूज, तोंडाला लाळ, घरघर. सकाळी धार दिलेली म्हैस दुसरा दिवस बघेलच असं नाही. पोरांचा घटसर्प कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थीरीचा. त्यात घशात राखाडी पडदा धरतो आणि तो माणसाकडून माणसाला लागतो. गळा दोन्हीकडे सुजतो, श्वास दोन्हीकडे कोंडतो. जुन्या लोकांनी गळा बघूनच नाव ठेवलं असणार, असा माझा कयास.

पण याला एक फाटा आहे. डिप्थीरियाच्या जंतूचा एक भाऊबंद, कॉरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स, गाईच्या कासेत आणि कुत्र्यामांजरांतही सापडतो. जंतूंनाच लागणाऱ्या विषाणूकडून विषाचा जनुक मिळाला, की तोही माणसाला हुबेहूब डिप्थीरिया करतो. युरोपात पूर्वी बोट कच्च्या दुधाकडे जायचं, अलीकडे पाळीव कुत्र्यामांजरांकडे जातं. धारोष्ण दुधाचं कौतुक करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

एका नावाची दोन दुखणी, यात फार तर घोटाळा होतो. मला जास्त धोक्याचा वाटतो तो उलटा प्रकार. जनावराची 'फाशी' आणि माणसाची 'काळपुळी' हे एकच दुखणं, अँथ्रॅक्स. त्याच्या जंतूचं जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये उलगडलं. धडधाकट मेंढी अचानक कोसळते, नाकातोंडातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. ती सोलणाऱ्याच्या हातावर आधी खाजरा फोड येतो, मग मधोमध काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. ग्रीकमध्ये अँथ्रॅक्स म्हणजे कोळसा, तोही याच खपलीवरून. त्यात मधुमेह्यांच्या मोठ्या गळवालाही काळपुळीच म्हणतात, त्यामुळे डॉक्टरांसमोर नुसता हा शब्द पुरत नाही. मेलेलं जनावर हाताळलं होतं, हे आपणहून सांगायला हवं.

माण-खटाव किंवा आटपाडीकडे 'प्राणिजन्य आजारांपासून सावध' असा फलक लावला तर शब्द शुद्ध, पण लोक नुसतं वाचून पुढे जायचे. 'फाशीचं जनावर सोलू नका, माणसाला काळपुळी होते' हे लगेच कळेल. सोलायचं नाही तसं फाडायचंही नाही: उघड्या हवेत जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं चिवट रूप, धरतो आणि ते बीजाणू मातीत कित्येक वर्षं टिकतात. चुना टाकून खोल पुरायचं.

फऱ्याचं, म्हणजे त्या लसीतल्या दुसऱ्या आजाराचं, विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. फरा म्हणजे जनावराची मांडी. तिथे सूज येते, दाबली की करकर वाजते. माणसात हा आजार जवळपास दिसतच नाही.