समोरच्याच्या गोलला वाजलेली टाळी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर परवाच्या फुटबॉल मॅचला समोरच्या तालमीच्या, म्हणजे दुसऱ्या पेठेच्या संघाच्या, विंगरनं (कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूनं) आपल्या पोरांना गुंगारा देऊन गोल मारला, तुझ्या हातून आपसूक टाळी वाजली आणि शेजारी बसलेल्या आपल्याच पेठेतल्या पोरांनी तुला फितूर ठरवलं. ग्रुपवर अजून टोमणे चालू आहेत म्हणतोस. आणि विचारतोस, काका, माझं चुकलं का?

नाही चुकलं. आधी हे उत्तर घे, बाकीचं सावकाश वाच.

तुला उद्या परत त्याच गॅलरीत, त्याच पोरांत बसायचंय, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. पेठेचं प्रेम काय असतं हे मला शिकवायची गरज नाही. बापानं खांद्यावर बसवून पहिली मॅच दाखवलेली असते, तो रंग अंगात मुरलेला असतो. ते प्रेम तसंच राहू दे. मला बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

१९ नोव्हेंबर २००५ ला माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर रिआल माद्रिद आणि बार्सिलोनाची मॅच होती. या दोघांचं वैर किती जुनं आणि किती कडवट, ते तुला ठाऊकच आहे. फिगो बार्सिलोना सोडून माद्रिदला गेला, तेव्हा २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घ्यायला आलेल्या फिगोच्या दिशेनं लोकांनी डुकराचं मुंडकं फेकलं होतं. त्यानंतर तीनच वर्षांनी ही मॅच. माद्रिदकडं झिदान, बेकहॅम, रोनाल्डो, रॉबेर्तो कार्लोस. पहिला गोल बार्सिलोनाच्या एटोनं मारला. मग दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्याच रोनाल्डिन्होनं डावीकडून चेंडू घेतला आणि सुटला. समोर माद्रिदचा सर्जिओ रामोस होता, तो मागं पडला. आडवा आलेला हेल्गेरा चकला. गोलकीपर कासियासला हलायला वेळ मिळाला नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत परत तसंच: तीच डावी बाजू, तोच रामोस, परत गोल. ३-०.

आणि माद्रिदचे लोक उभे राहिले. टीव्हीवर दिसलेले एक मिशीवाले गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाहीत. स्वतःच्या संघाची स्वतःच्या घरात धूळधाण झालेली, आणि हे उभं राहून टाळ्या वाजवतायत. त्या फितीवर ते काही सेकंदच आहेत. पण तेवढ्यात कळतं, की हा माणूस जन्मभर फुटबॉल बघत आलाय आणि आपण आत्ता काय बघितलं हे त्याला नेमकं समजलंय. त्याला फितूर म्हणायची कुणाची छाती होईल?

आता याच मॅचची दुसरी बाजू सांगतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. त्या टाळ्यांत थोडा रागही मिसळलेला होता. माद्रिदचे प्रेक्षक आपल्या संघावर भडकलेले होते, स्वतःच्याच खेळाडूंची हुर्यो चालली होती. दोन-तीन आठवड्यांतच प्रशिक्षक लुशेम्बुर्गोला घरी जावं लागलं आणि पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष पेरेझनीही राजीनामा दिला. म्हणजे काही जण रोनाल्डिन्होसाठी वाजवत होते, तर काही आपल्या लोकांना झोंबावं म्हणून. बाहेरून आवाज सारखाच येतो. तुझी टाळी कोणती होती हे तुझं तुला माहीत असतं. समोरच्याचं कौतुक हा आपल्या पोरांना मारायचा चाबूक करायचा नाही, एवढं कटाक्षानं पाळ. आपल्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि गोल झाला, तर तिथं टाळी वाजवण्यासारखं काही घडलेलं नसतं.

शंभर नंबरी टाळी ऐकायची असेल तर मी २३ एप्रिल २००३ ची सांगेन. मैदान मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. पहिली मॅच माद्रिदमध्ये रिआलनं ३-१ अशी जिंकलेली. युनायटेडला घरच्या मैदानावर सगळं उलटवायचं होतं. बाराव्या मिनिटाला रिआलच्या रोनाल्डोनं, त्या ब्राझीलवाल्यानं, गोल मारला. युनायटेडनं बरोबरी केली. त्यानं दुसरा मारला. त्यांनी परत बरोबरी केली. मग एकोणसाठाव्या मिनिटाला त्यानं लांबून असा काही चेंडू हाणला, की युनायटेडचा गोलकीपर बार्थेझ नुसता बघत राहिला. रात्रीचा स्कोअर २-३, दोन्ही मॅच मिळून ३-६. सदुसष्टाव्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं आणि तो चालत निघाला, तेव्हा अख्खं ओल्ड ट्रॅफर्ड उभं राहिलं.

तो क्षण नीट समजून घे. मॅच संपलेली नव्हती. युनायटेडच्या आशा त्याच माणसानं नुकत्याच धुळीला मिळवल्या होत्या. घरच्या लोकांना आपल्या संघावर राग काढायचा असता, तर त्या रात्री तसं कारणही नव्हतं, कारण पोरं जीव तोडून खेळत होती. बेकहॅमनं (तेव्हा तो युनायटेडकडं होता) बदली येऊन नंतर दोन गोल मारले आणि युनायटेडनं ती मॅच ४-३ अशी जिंकलीसुद्धा. बेरीज मात्र ५-६ झाली आणि ते स्पर्धेतून बाहेर पडले. आपल्यांसाठी घसा फोडून ओरडणारे आणि समोरच्यासाठी उभे राहणारे लोक तेच, त्याच खुर्च्यांवरचे, त्याच नव्वद मिनिटांतले. तुझ्या ग्रुपवरल्या पोरांना वाटतं की हे दोन वेगळ्या माणसांचं काम आहे.

लिव्हरपूलच्या लोकांचं तर मला फार अप्रूप वाटतं. ॲनफिल्डच्या कोप स्टँडची जुनी रीत आहे: पाहुण्या संघाचा गोलकीपर त्यांच्या बाजूच्या गोलपोस्टकडं आला, की ते टाळ्या वाजवून त्याचं स्वागत करतात आणि तोही हात उंचावून उत्तर देतो. मग नव्वद मिनिटं जमेल तसं त्याला हैराण करतात. २६ मे १९८९ ला तिथं आर्सेनल आलं होतं. हंगामातली शेवटची मॅच, आणि इंग्लंडची लीग जिंकायला आर्सेनलला दोन गोलच्या फरकानं जिंकणं भाग होतं. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीला सहा आठवडेही झाले नव्हते. त्या दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. मॅचआधी आर्सेनलच्या खेळाडूंनी फुलांचे गुच्छ नेऊन प्रेक्षकांना दिले. मग ॲलन स्मिथचा गोल झाला, आणि जादा वेळेत मायकल थॉमसनं दुसरा मारून लीग लिव्हरपूलच्या हातातून काढून घेतली. तरी ॲनफिल्डवरची माणसं उठून निघून गेली नाहीत. कितीतरी जण थांबले आणि त्यांनी आर्सेनलसाठी टाळ्या वाजवल्या. एवढं सोसलेल्या गावानं हे केलं, याच्यापुढं मला काही बोलता येत नाही.

कधी टाळी खेळापेक्षा माणसासाठी असते. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये स्पेनच्या इनिएस्तानं (एरवी तो बार्सिलोनाचा) ११६ व्या मिनिटाला गोल मारून जर्सी काढली, तेव्हा आतल्या बनियनवर दानी हार्केचं नाव होतं. हार्के हा एस्पान्योलचा कॅप्टन, आदल्या वर्षी अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेलेला. एस्पान्योल म्हणजे बार्सिलोना शहरातलाच दुसरा संघ, आपल्याकडच्या शेजारच्या पेठेसारखा. २०१० च्याच डिसेंबरात एस्पान्योलच्या मैदानावर बार्सिलोनानं त्यांना ५-१ असं झोडपलं, आणि त्या दिवशीही तिथल्या लोकांनी इनिएस्ताला उभं राहून मानवंदना दिली.

क्रिकेटमधलंही एक सांगतो, कारण ते तुमच्या ग्रुपवरल्या कुणाच्या घरात कुणीतरी बघितलेलं असणार. ३१ जानेवारी १९९९, चेन्नई. सचिननं पाठदुखीत १३६ काढले आणि तरी आपण पाकिस्तानशी १२ धावांनी हरलो. आपल्याकडं घरोघर सुतक पडलं. चेपॉकवरचे लोक मात्र उभे राहिले, आणि पाकिस्तानच्या संघानं टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली.

आता तुझ्या पोरांचं. वाद घालायला जाऊ नकोस. मॅच हरल्याच्या रात्री कुणी कुणाचं ऐकत नाही. चारसहा दिवस जाऊ देत. मग त्यांना एवढंच विचार, की वर्ल्ड कप आला की आपल्या गल्लीत मेस्सीचा एवढा मोठा फलक लावता, तो मेस्सी आपल्या कुठल्या पेठेचा? मार्च २०१९ मध्ये त्यानं सेव्हिल शहरात बेतिस संघाला तीन गोल मारले. तिसरा तर धावत्या चेंडूला पहिल्याच स्पर्शात अलगद उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकला. बेतिसचे लोक आपल्या मैदानावर त्याच्या नावाचा गजर करायला लागले. हा व्हिडिओ तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असेल, आणि तो बघून तुम्ही बेतिसवाल्यांना दिलदारच म्हणाला असाल. मग आपल्या गावातलं पोरगं, जे सकाळी सहाला चिखलात पळतं, दिवसभर दुकानात नाहीतर कॉलेजात असतं आणि संध्याकाळी परत मैदानावर येतं, त्यानं तसलंच काहीतरी आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवलं तर हात का आखडायचा? सातासमुद्रापलीकडच्या खेळाडूचं कौतुक फुकटात होतं, त्यात आपलं काहीच जात नाही. शेजारच्या पेठेच्या पोराचं कौतुक करताना पोटात तुटतं, म्हणून मी तुझ्या टाळीला जास्त मानतो.

एक व्यवहाराची गोष्टही ऐक. डोकी तापलेली असतील, बाचाबाचीची वेळ येणार असं दिसलं, तर तिथून शांतपणे उठायचं आणि दुसरीकडं जाऊन बसायचं. टाळी वाजवली म्हणून कपाळ फोडून घ्यायचं कारण नाही. आणि ऊठसूट टाळ्याही वाजवू नकोस. तीन बॅक चकवून मारलेला गोल, पन्नास फुटांवरून बरोबर पायात घातलेला पास, गोलकीपरनं बोटांच्या टोकांनी बाहेर काढलेला चेंडू, असलं काही बघितलं की हात आपोआप जुळतात. तू परवा ठरवून टाळी वाजवली नव्हतीस, म्हणून ती मला खरी वाटली.

माझं मन ज्याच्यापाशी घुटमळतंय तो मात्र तू नव्हेस, आपला राइट बॅक, उजवी बाजू राखणारा पोरगा, आहे. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, की तो मॅचनंतर कुणाशी न बोलता निघून गेला. तो तुझा वर्गमित्र ना? बर्नाबेऊवर त्या रात्री दोनदा मागं पडलेला रामोस १९ वर्षांचा होता. जगानं रोनाल्डिन्होच्या त्या गोलच्या फिती हजारदा बघितल्या, प्रत्येक वेळी त्यात रामोस मागं पडतो. तो रामोस पुढं माद्रिदचा कॅप्टन झाला, चार वेळा चॅम्पियन्स लीग जिंकला, स्पेनबरोबर वर्ल्ड कप जिंकला. हे आपल्या पोराला सांग, पण लगेच नको. आधी त्याच्या घरी जा. चहा पी. तुझ्या टाळीचं त्याला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, तेव्हा तू स्वतःच सांग: मी त्या विंगरसाठी वाजवली, तुझ्यावर हसलो नाही.

मग त्याच्याशी खेळाचं बोल. गॅलरीत आपल्या बाजूची निम्मी पोरं गोल झाल्यावर शिव्या द्यायला तोंड फिरवून बसली असणार. तू शेवटपर्यंत बघत होतास. तो विंगर उजव्या पायाचा आणि खेळतो डाव्या बाजूनं, म्हणजे त्याला आत वळायचंच असतं. आपला बॅक त्याला आतली वाट मोकळी ठेवून उभा राहिला असेल तर गोल व्हायचाच. त्याला रेषेकडं ढकलायला हवं, त्याच्या कच्च्या पायावर, आणि मागं मधल्या फळीतला एक जण हाकेच्या अंतरावर हवा. एकट्या बॅकनं वेगात आलेल्या अशा खेळाडूला थांबवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या दिवशी मदतीला कोण यायला हवं होतं आणि तो कुठं होता, हे मला इथं बसून कळणार नाही.

परतीची मॅच महिन्याभरात आहे म्हणतोस. तेव्हा पुढच्या पत्रात मला ग्रुपवरचे टोमणे लिहू नकोस. चेंडू पायात आल्यावर तो आधी खांदा टाकतो की थांबतो, मान वर करून गोलकडं बघतो का, आणि आपल्या राइट बॅकचं वजन त्या क्षणी कुठल्या पायावर होतं, एवढं आठवून लिही.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका