लक्झेंबर्गमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी प्रवासाविषयी थोडेसे

लक्झेंबर्गमध्ये आल्या आल्या मासिक पास कुठे मिळतो याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका, कारण 29 फेब्रुवारी 2020 पासून देशभरातील बस, ट्राम आणि रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा प्रवास सर्वांनाच, पर्यटकांनाही, मोफत आहे. रेल्वेच्या प्रथम श्रेणीसाठी मात्र तिकीट लागते, तेव्हा डब्यावरचा आकडा पाहूनच आत शिरा.

घर पाहताना राजधानी लक्झेंबर्ग शहरातील फाफेन्थाल-किर्शबेर्ग या रेल्वे स्थानकाकडे माझ्या मते विशेष लक्ष द्यावे. दरीच्या तळाशी असलेल्या या स्थानकातून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर केबलने ओढला जाणारा डबा, थेट किर्शबेर्ग या कार्यालयांनी भरलेल्या भागाच्या पठारावर ट्रामच्या थांब्याजवळ नेऊन सोडतो. उत्तरेकडून येणाऱ्या नोकरदाराला त्यामुळे मुख्य स्थानकापर्यंत जाऊन परत फिरण्याचा हेलपाटा पडत नाही. हा दुवा आणि ट्राम, दोन्ही डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाले. जुन्या शहराच्या भागात ट्रामवर विजेच्या ताराच नाहीत, थांब्यावर उभी असतानाच ती चार्ज होते. हे एकदा खाली वाकून पाहण्यासारखे आहे.

भाडे परवडत नाही म्हणून जर्मनीतील ट्रिअर, बेल्जियममधील आर्लों किंवा फ्रान्समधील थिऑन्व्हिल येथे राहण्याचा विचार असेल, तर सीमेपलीकडच्या टप्प्याचे तिकीट काढावेच लागते, हे महिन्याच्या खर्चात आधीच धरा आणि सकाळच्या गर्दीतली गाडी स्वतः एकदा अनुभवल्याशिवाय घरमालकाशी करार करू नका.