दमट हवेत बाहेरची फुटबॉल टीम खरंच हवेमुळे हरते का?

भाऊ, तुम्ही विचारलं की दमट गरमीच्या गावी खेळायला गेलेली टीम खरंच हवेमुळे हरते की हे फक्त हरल्यावर सांगायचं कारण आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेच्या पोट्ट्यांना फुटबॉल शिकवतो, त्याआधी स्वतः दहा-बारा वर्षं खेळलो, आणि मी छातीठोक सांगतो की हवेनं मॅच जाते, माझ्या डोळ्यासमोर गेली आहे. फक्त लोक थर्मामीटरचा आकडा पाहतात अन् तिथंच चुकतात.

आम्हीही तसेच चुकलो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या बाजूला समुद्राजवळच्या एका गावी टूर्नामेंट होती, धामणगावला येऊन संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरली, सकाळी उतरलो अन् दुपारी ३ ला मॅच. तिथं ३२ डिग्री होतं. आम्ही मे महिन्यात ४५-४६ पाहणारे, ३२ म्हणजे आमच्यासाठी थंडच, पोट्टे हसत मैदानात उतरले अन् पहिल्या मिनिटापासून सगळीकडे धावत सुटले. हाफटाइमला ०-० होतं पण जर्सी पिळली तर पाणी गळत होतं. शेवटच्या २५ मिनिटांत ३ गोल खाल्ले. दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले, आणि आमचा स्टॉपर (गोलसमोर मधात डिफेन्स करणारा), सगळ्यात दमाचा पोट्टा, मैदानावर असंबद्ध बोलायला लागला, कुठल्या साइडला गोल मारायचा ते त्याले समजत नव्हतं. त्याले नळाखाली बसवलं तेव्हा कुठं अर्ध्या तासानं भानावर आला. तो दिवस मी विसरलो नाही, तेव्हापासून या विषयात जे मिळंल ते वाचत गेलो.

तुमच्या घरी कूलर असंल तर सगळं लगेच समजंल. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की खोली गार होते, आणि मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर, तीच मोटर, तेच पाणी, पण हवा गार लागत नाही, नुसती चिकचिक. कारण गारवा पाण्यानं येत नाही, पाणी वाळल्यानं येतो, अन् हवेत आधीच ओल भरली असली तर ते वाळंल कुठं. शरीराचं अगदी तसंच आहे. १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि हनुवटीवरून टपकला तर काहीच नेत नाही, अंगातलं पाणी अन् मीठ मात्र गेलं. म्हणून दमट हवेत माणूस ओलाचिंब दिसतो अन् आतून तापत जातो.

मग शरीर दुसरा उपाय करते, रक्त चामडीकडे पाठवते. तेच रक्त पायांनाही पाहिजे, हृदय जोरात पळते, तरी दोन्हीकडे पुरत नाही. पहिल्या हाफमध्ये जे स्प्रिंट सहज होते त्याच्यासाठी दुसऱ्या हाफमध्ये पाय उचलत नाही. घामात वजनाच्या २ टक्के पाणी गेलं (५० किलोच्या पोट्ट्यासाठी १ लिटर) तर दम कमी पडायला लागतो.

फिफा जे मोजते ते पण पाहा, त्याले वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात, त्यात ओल्या कापडाच्या थर्मामीटरला ७० टक्के वजन आहे, काळ्या गोळ्याच्या थर्मामीटरला म्हणजे उन्हाच्या तापाला २० टक्के, आणि आपण मोबाइलमध्ये पाहतो त्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के. २०१४ च्या वर्ल्डकपला हा आकडा ३२ च्या वर गेला की कूलिंग ब्रेक, म्हणजे मॅच थांबवून पाणी प्यायची सुट्टी, असा नियम होता. वर्ल्डकपमध्ये पहिला अधिकृत ब्रेक २०१४ ला ब्राझीलच्या फोर्तालेझामध्ये झाला, नेदरलँड्स-मेक्सिको मॅचमध्ये. नेदरलँड्स ०-१ मागं होते, दुसऱ्या ब्रेकमध्ये कोच व्हॅन गालनं डाव बदलला, ८८ व्या मिनिटाला स्नायडरचा गोल, मग पेनल्टीवर हुंटेलार, २-१ जिंकले. म्हणजे पाण्याचा ब्रेक नुसत्या पाण्यासाठी नसतो, ज्याच्या कोचनं डोकं थंड ठेवलं त्याचा तो ब्रेक. त्या वर्ल्डकपच्या मॅचेसचा नंतर अभ्यास झाला त्यात दिसलं की जास्त गरमीच्या मॅचेसमध्ये स्प्रिंट कमी झाले पण बरोबर गेलेल्या पासचं प्रमाण वाढलं. आम्हाला हरवणाऱ्या पोट्ट्यांनी हेच केलं होतं बघा, बॉल पायात ठेवून आम्हाला पळवलं, स्वतः चालत होते.

आता बाहेरची टीम अन् घरची टीम यात खरा फरक सवयीचा. गरमीत रोज घाम गाळून खेळलं तर १० ते १४ दिवसांत शरीर बदलते, पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढते, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो अन् त्यातलं मीठ कमी होते, तेवढ्याच धावण्याला हृदय कमी पळते. आणि गरमी सुटली की ही सवय काही आठवड्यांत जाते पण. आमची चूक इथंच होती. आम्ही म्हणत होतो आम्ही उन्हाची माणसं, पण मे महिन्यात आम्ही करतो काय, दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, १० नंतर घराबाहेर निघत नाही, प्रॅक्टिस पहाटे ५ ला. ही उन्हापासून वाचायची सवय झाली, उन्हात पळायची नाही.

तयारीनं फरक पडते का, तर लय पडते. २०१४ लाच जर्मनीनं ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावर गरम हवेत आपला कॅम्प लावला, पहिल्या मॅचच्या आठवडाभर आधी पोचले, मग साल्वादोरला दुपारी १ च्या मॅचमध्ये पोर्तुगालला ४-० हरवलं, आणि शेवटी कप घेऊन गेले. दक्षिण अमेरिकेत वर्ल्डकप जिंकणारी ती युरोपची पहिली टीम. आणि आपल्याकडे २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप आठवा, इंग्लंडचे पोट्टे ८ ऑक्टोबरला कोलकात्यात पहिली मॅच खेळले अन् २८ ला तिथंच स्पेनला ५-२ हरवून जिंकले, ऑक्टोबरचं कोलकाता म्हणजे काय ते तिकडं गेलेल्यांना माहीत आहे. थंड देशातून आले म्हणून कोणी आपोआप हरत नाही. अर्थात त्यांच्याकडे पैसा होता, डॉक्टर होते, आपल्या खेड्यातल्या टीमले १४ दिवस आधी कोण पाठवते.

म्हणून आम्ही जे जमलं ते केलं. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेची प्रॅक्टिस सोडून ४ वाजता ठेवली, पाऊस उघडला की जी वाफ निघते जमिनीतून त्यात, पहिले तीन दिवस अर्धा तास अन् मग हळूहळू वाढवत. प्रत्येक पोट्ट्याचं वजन प्रॅक्टिसच्या आधी अन् नंतर कापसाच्या काट्यावर, जितकं कमी झालं त्याचा हिशोब ठेवून पाणी. नुसतं पाणी ढोसायचं नाही, घामासोबत मीठ गेलेलं असते, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी. तीन दिवस आधी गेलो, एकाच्या मामाच्या ओळखीनं हॉल मिळाला झोपायला. मॅच १-१ झाली, जिंकलो नाही पण ८५ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल आम्ही मारला, मागच्या वर्षी त्या वेळेला आमचे पोट्टे उभे राहू शकत नव्हते.

आणि उलटंही होते. एकदा मे महिन्यात किनाऱ्याकडची एक टीम आमच्याकडे आली होती, त्यांना वाटे घामच येत नाही, तं पाणी कशाला प्यायचं. घाम येत होता, तो इकडं दिसायच्या आधीच वाळते. दुसऱ्या दिवशी दोघांचा घोळणा फुटला, ओठ फाटले, डोकं धरून बसले.

तुमची टीम जात असंल तर एक गोष्ट मात्र आधी पाहून ठेवा. पोट्टा बरळायला लागला, चाल बिघडली, तं तो ऊन लागल्याचा झटका समजा, गाडी शोधत बसू नका, आधी तिथंच जर्सी काढून बर्फाच्या पाण्यात बसवा किंवा ओतत राहा, शुद्ध पूर्ण नसंल तर तोंडात पाणी घालू नका, अन् गार करता करता दवाखान्यात न्या. आमच्या स्टॉपरच्या वेळी नळ जवळ होता म्हणून निभावलं. आता आम्ही कुठंही गेलो तरी मैदानावर पोचल्यावर पहिले नळ कुठं आहे ते पाहतो अन् थर्माकोलच्या डब्यात दोन लादी बर्फ ठेवतो.