नवीन गाडी खडखडतेय? आधी एवढंच कर

अरे घाबरू नकोस, बजेट गाडीत कडक प्लास्टिक असतं, ते थंडीत आकसतं म्हणून सकाळी आवाज जास्त येतो. फक्त लगेच डॅशबोर्ड उघडू नकोस, ही चूक बरेच जण करतात, मग क्लिपा तुटतात आणि खडखड कायमची मागे लागते.

- आधी गाडी रिकामी कर. ग्लोव्हबॉक्स, दारांचे कप्पे, डिकीतला जॅक, मागच्या सीटबेल्टचं बक्कल सगळं बघ.
- टायर थंड असताना हवा तपास, जास्त असेल तर सगळंच थरथरतं.
- दुसऱ्याला चालवायला दे आणि तू शेजारी बसून एकेक पॅनल दाबत जा, आवाज थांबला की जागा सापडली, तिथे फेल्ट टेप (मऊ, कापडासारखी चिकटपट्टी) लाव.

दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीसच लाव, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. वॉरंटी असेल तर आधी सर्व्हिसवाल्याला सोबत बसवून आवाज ऐकव.