गाडी शहराबाहेर लावून पुढे मेट्रोने जाणं परवडतं का?

महिन्यातून दोन-तीनदा कामासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, तर गाडी थेट आत न्यावी की बाहेर कुठेतरी लावून मेट्रो धरावी, असं तुम्ही विचारलंय. मी गेली काही वर्षं दुसरा मार्ग धरलाय आणि तो सोडायचा विचार नाही. पण गाडी कुठे लावायची हे ठरवताना आधी परतीचा विचार करा. जायचं काय, कसंही जाता येतं.

हे अक्कलखाती जमा झालेलं शहाणपण आहे. एकदा काम रात्री साडेदहापर्यंत लांबलं. मेट्रो मिळाली म्हणून मी खुशीत, तर ती चार स्टेशनं अलीकडेच संपली. उशिराच्या काही फेऱ्या शेवटपर्यंत जातच नाहीत. टॅक्सी करून वाहनतळावर पोचलो तर फाटकाला कुलूप. गजांमधून माझी गाडी दिसत होती, अगदी दिव्याखाली. सकाळी मी हुशारीने खांबाच्या नंबरचा फोटो काढून ठेवला होता, गाडी सापडावी म्हणून. तो उघडून पाहिला तर कोपऱ्यात पाटी स्पष्ट दिसत होती : ‘रात्री 11 नंतर बंद’.

तेव्हापासून निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघतोच. आपल्या स्टेशनापर्यंत जाणारी शेवटची मेट्रो कितीची (रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं), आणि वाहनतळ कधी बंद होतो, तिथे गाडी रात्रभर ठेवू देतात का.

आता जागेबद्दल. होईल तितकं आत शिरून गाडी लावावी असं सगळ्यांनाच वाटतं आणि तिथेच फसगत होते. कोंडी त्याच्या आधीच सुरू झालेली असते. तिच्यात तासभर अडकून मग मेट्रोत बसायचं म्हणजे दोन्हीकडचा त्रास आपलाच. सिंगापूरने 1975 मध्ये मध्यभागात गाडी आणायला शुल्क लावलं, तेव्हा त्या हद्दीलगत वाहनतळ केले आणि तिथून बस ठेवल्या. लोक फारसे फिरकलेच नाहीत. इतकं जवळ आल्यावर कोण उतरणार? उलट फ्लोरेन्सचा व्हिला कोस्तांझा वाहनतळ बघा. महामार्गावरून, टोलनाक्याबाहेर न पडता, थेट आत शिरायचं, गाडी लावायची आणि पलीकडच्या बाजूने चालत ट्राममध्ये बसायचं. वीस-पंचवीस मिनिटांत मुख्य रेल्वे स्टेशन. शहरातल्या एकाही रस्त्यावर गाडी न्यावी लागत नाही.

म्हणून शक्यतो मार्गाचं पहिलंच स्टेशन गाठा, बसायलाही जागा मिळते. मात्र तिथून अर्ध्या तासाने एक फेरी असेल तर दोन-चार स्टेशनं पुढे या, जिथे फेऱ्या वाढतात. आणखी एक गंमत : जिथे तिकिटाचे दर टप्प्यांनुसार असतात, तिथे स्वस्त टप्प्यातल्या पहिल्या स्टेशनाचा वाहनतळ सगळ्यात आधी भरतो. कामाच्या दिवशी उशिरा निघणार असाल तर एक स्टेशन अलीकडचं बरं.

‘थेट गेलं तर वेळ वाचेल’ हा हिशोब करताना आत जागा शोधत घातलेल्या घिरट्या लोक धरतच नाहीत. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांनी 1927 ते 2001 या काळातल्या 16 पाहण्या एकत्र मांडल्या, तर जागा शोधायला सरासरी आठ मिनिटं लागत होती. या पाहण्या मुळातच गर्दीच्या भागांतल्या होत्या, हे खरं. पण तुम्हीही तिथेच निघालाय ना?

चौघं जण असाल, सोबत सामान आणि म्हातारं माणूस असेल, तर मात्र सरळ गाडीनेच जा. मग तिकिटांचा खर्चही वाढतो आणि जिन्यांवर दमछाक होते ती वेगळीच.

स्वस्त वाहनतळाच्या अटी तेवढ्या वाचा. ॲमस्टरडॅममध्ये सवलतीचा दर तिथून खरोखर ट्राम-मेट्रोने मध्यभागात गेल्याची नोंद असेल तरच मिळतो. गाडी लावून आसपास कुठेतरी चालत गेलात तर पूर्ण आकार. अशा ठिकाणी प्रवासाचं कार्ड आणि पार्किंगची पावती दोन्ही खिशात ठेवा. पावती गाडीतच राहिली की पैसे भरायच्या यंत्रापासून गाडीपर्यंत आणि परत, अशी एक फेरी ठरलेली, तीही पाठीमागे रांग उभी असताना.