पोस्टरवर अख्खा सिनेमा कोंबू नका

तुमचा मसुदा बघितला. शॉर्टफिल्मचा नायक दिवसा नारळ पाडणारा आणि रात्री सुपरहिरो होणारा गोव्यातल्या फोंड्याकडचा पाडेली. पोस्टरवर मात्र सहा चेहरे, वीज, आग, मागे मांडवीवरचा पूल आणि सगळ्यावर निळा-नारिंगी उजेड. ‘एवढं सगळं असून स्वस्त का दिसतंय?’ असं तुम्ही विचारलंय. एवढं सगळं आहे म्हणूनच.

चेहऱ्यांची गर्दी मोठ्या स्टुडिओंना परवडते, कारण त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर तिकिटं खपतात. तुमच्या नटांना वाड्याबाहेर कोणी ओळखत नाही, राग मानू नका. तुम्हाला विकायचीय ती कल्पना. १९८९ च्या ‘बॅटमॅन’चं सुरुवातीचं पोस्टर आठवा: काळ्यावर सोनेरी वटवाघूळ आणि खाली प्रदर्शनाची तारीख. सिनेमाचं नावसुद्धा नाही. अर्थात तो नायक १९३९ पासून लोकांच्या ओळखीचा होता. तुमचा कालचा आहे, त्यामुळे नुसत्या चिन्हावर भागणार नाही, सोबत माणूस लागेल.

माड आणि कोयता तुमच्याकडे आयते आहेत, आणि मसुद्यात त्यातलं एकही नाही! एखादा बुटका माड शोधा (उंच माडावर माणूस मुंगीएवढा दिसतो), बुंध्याशी उताणं पडा आणि कॅमेरा सरळ वर धरा. खोड निमुळतं होत वर जातं, झावळ्या चारी बाजूंना फाकतात, उभ्या पोस्टरची मांडणी तिथेच झाली. सूर्य बुडाल्यावर आकाशात उजेड असतो तेवढ्यात फोटो उरका. माणूस आपोआप काळा येतो आणि भाड्याच्या केपचं ते चकचकीत सॅटिनही झाकलं जातं. नटाला वर चढवू नका, खऱ्या पाडेलीला चढवा. सावलीत कोण ओळखतोय!

कोयता अंगापासून लांब, आकाशावर दिसायला हवा. छातीवर आला की गायब. कोपर आणि कंबर यांच्यामधूनही आकाश दिसलं पाहिजे. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणाऱ्या आपल्या पोरांना हे कोणी शिकवावं लागत नाही: हात सुटे, शस्त्र वर, म्हणजे रात्रीच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्यालाही कळतं. तुमचं चित्र फोनवर नखाएवढं करून बघा. कोयता दिसला तर पुढे जा.

निळा-नारिंगी ही जोडी वाईट नाही. रंगचक्रात ते समोरासमोर येतात आणि त्वचा नारिंगीकडे झुकणारी, म्हणून माणूस उठून दिसतो. पण तुमचा माणूस काळाच असणार, मग ती हवी कशाला? पावसाळी ढगाचा करडा-हिरवा आणि सिनेमाच्या नावाच्या अक्षरांना आपल्या मातीचा तांबडा, बस्स. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत उतरत नाही, मळकट होतो. सीएमवायकेत, म्हणजे त्याच चार शाईंच्या रंगांत, आधीच बघून घ्या.

नावाच्या अक्षरांवरचा धातूचा मुलामा काढा. कोयत्याचं पातं शिरोरेषेत घालायचा मोह होईलच, तर एकाच जागी घाला.

खालच्या नामावलीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिची नक्कल सगळेच करतात. हॉलिवूडमध्ये कोणाचं नाव केवढं छापायचं हे करारात ठरतं आणि ते बहुतेकदा शीर्षकाच्या मापाशी बांधलेलं असतं. उंची तर राखायची, जागा तर नाही, म्हणून ती उंच, चिंचोळी अक्षरं आली. तुमचा कोणाशी असला करार नाही. शिवाय देवनागरी आडवी दाबली की जोडाक्षरं गच्च होतात, मात्रा एकमेकींवर चढतात. चार-पाच नावं ठेवा, साध्या फॉन्टमध्ये. बाकीची सिनेमाच्या शेवटी येतातच.

छापायला देताना: २७ बाय ४० इंची पोस्टर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ८१०० बाय १२००० पिक्सेल. गूगलवरून उचललेलं आकाश तिथे फुटतं, स्वतः काढा. रस्त्यावरच्या मोठ्या फ्लेक्सला मात्र १०० डीपीआय पुरतं, तो लांबूनच बघतात. आणि अक्षरं कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे फॉन्टची अक्षरं चित्राच्या आकारांत बदलल्याशिवाय, फाइल देऊ नका, नाहीतर छापणाऱ्याच्या मशीनवर वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. मूळ फाइल वेगळी ठेवा, तारीख बदलायची वेळ येतेच.